मते महाराणीची की जयपूरची?

फेब्रुवारी १९६२. महाराष्ट्र राज्य होऊन दोन वर्षेही पुरी झाली नव्हती आणि यशवंतराव चव्हाणांच्या काँग्रेसने विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. त्याच महिन्यात राजस्थानात मात्र काँग्रेसची दमछाक झाली. १७६ पैकी ८८ जागा, म्हणजे बरोब्बर निम्म्या. मुख्यमंत्री मोहनलाल सुखाडिया बहुमताला एक जागा कमी पडून काठावर लटकले. राजधानीच्या जयपूर लोकसभा मतदारसंघात तर काँग्रेसच्या बैलजोडीचा पार धुव्वा उडाला. तिथे पडलेल्या २,४६,५१६ मतांपैकी १,९२,९०९ मते एकाच उमेदवाराला गेली, शंभरातली अठ्ठ्याहत्तर. उमेदवार होत्या महाराणी गायत्रीदेवी आणि पक्ष होता जेमतेम तीन वर्षांचा स्वतंत्र पक्ष. हा आकडा गिनेसच्या विक्रमांच्या पुस्तकात गेला. पुढे वॉशिंग्टनमध्ये अध्यक्ष केनेडींनीही त्यावरून त्यांची तारीफ केली म्हणतात.

तेव्हापासून या निवडणुकीची गोष्ट एकाच पद्धतीने सांगितली जाते. सुंदर महाराणी, भाबडी प्रजा, पिढ्यान्‌पिढ्यांची राजनिष्ठा आणि मतांचा पाऊस. गोष्ट ऐकायला छान आहे, पण जयपूरच्या निवडणुकांचे निकाल एकापुढे एक मांडले की ती टिकत नाही.

आधी महाराणींबद्दल थोडे. कारण जयपूरच्या या महाराणी आपल्याला अगदीच परक्या नाहीत. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड त्यांचे आजोबा आणि चिमणाबाई आजी. आई इंदिराराजे बडोदा कॉलेजात शिकलेल्या. त्यांचे लग्न ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरले होते. ते त्यांनी स्वतः पत्र लिहून मोडले आणि १९१३ साली लंडनला जाऊन कूचबिहारच्या राजपुत्राशी लग्न केले. गायत्रीदेवींचा जन्मही लंडनचाच, २३ मे १९१९ चा. १९४० मध्ये जयपूरचे महाराज सवाई मानसिंग यांच्या त्या तिसऱ्या राणी झाल्या. घरात पडदा पाळणाऱ्या शहरात त्यांनी १९४३ मध्ये मुलींची शाळा काढली. जयपूरला मराठ्यांची आठवण काही गोड नव्हती. १७५० च्या अखेरीस मल्हारराव होळकर चालून येताहेत या धसक्याने राजा ईश्वरीसिंगाने आत्महत्या केली होती, आणि पुढच्याच महिन्यात शहरात शिरलेल्या मराठ्यांची जयपूरकरांनी कत्तल केली होती. त्याच जयपुरात दोनशे वर्षांनी गायकवाडांची नात विक्रमी मतांनी निवडून आली. इतिहासाला असले विनोद आवडतात.

मुद्दा हा की गायत्रीदेवींना जयपूरचे शहर वारशात मिळालेले नव्हते. त्या बंगाली आणि इंग्रजीत वाढलेल्या. सभेत बोलण्याइतकी सफाईदार हिंदी त्यांना येत नव्हती, आणि पहिल्या भाषणाच्या वेळी त्यांना घाम फुटला होता. मग एवढी मते आली कुठून?

त्यासाठी काही वर्षे मागे जावे लागते. जयपूर संस्थानात काँग्रेसचे काम प्रजामंडळाच्या नावाने चालायचे. प्रजामंडळाचे अध्यक्षपद सांभाळलेले जमनालाल बजाज मूळचे सीकरकडचे असले तरी आपण त्यांना वर्ध्याचे म्हणूनच ओळखतो. १९३९ मध्ये संस्थानाने त्यांना प्रवेशबंदी केली, ती मोडून ते आत गेले आणि अटकेत पडले. पण १९४२ च्या वादळात, बाकीचा देश पेटलेला असताना, जयपूरच्या प्रजामंडळाने दिवाण मिर्झा इस्माईल यांच्याशी समझोता केला. चिडलेल्या तरुणांनी वेगळा आझाद मोर्चा काढला. प्रजामंडळाचे नेते हिरालाल शास्त्री यांचे हे समझोत्याचे धोरण शहाणपणाचे होते की नव्हते यावर आजही दोन मते आहेत. परिणाम मात्र उघड होता. सातारा किंवा बलिया जसे लढून काँग्रेसचे झाले, तसे जयपूर झाले नाही.

मग ३० मार्च १९४९ ला राजस्थान जन्मले. राजधानी जयपूर, राजप्रमुख मानसिंग, मुख्यमंत्री शास्त्री. राजधानीचा मान शहराला मिळाला, पण सत्ता शहराबाहेरून येत राहिली. १९५४ पासून मुख्यमंत्री असलेले सुखाडिया उदयपूरचे. काँग्रेसचे खरे बळ मारवाड आणि शेखावाटीतल्या जाट शेतकऱ्यांत होते. जहागिरी गेल्यामुळे जमीन ज्यांच्या हाती आली तीच ही माणसे. १९५२ च्या जहागिरी कायद्याने बडे जहागीरदार दुखावले होतेच. त्याहून जास्त होरपळले ते दोन-चार गावांचे छोटे राजपूत भूस्वामी. १९५५-५६ मध्ये त्यांनी जयपुरात मोठे आंदोलन केले. शहरातला व्यापारी, सराफ, जवाहिरी यांना करांची आणि परवान्यांची कटकट होती. आणि १ नोव्हेंबर १९५६ ला राजप्रमुखपदच रद्द झाले. महाराज एका दिवसात साधे नागरिक झाले, तेही धड न सांगता.

हा राग साठत असताना शहराच्या डोळ्यांसमोर एक गोष्ट घडत होती. सवाई जयसिंगाने १७२७ मध्ये वसवलेल्या शहराचा परकोट, म्हणजे जुना तट, जागोजागी पाडला जात होता, आणि बाजारातल्या गुलाबी दर्शनी भिंतींवर वाटेल तसली बांधकामे चढत होती. गायत्रीदेवींनी त्याबद्दल थेट पंडित नेहरूंकडे तक्रार केली आणि नेहरूंनी ती मनावरही घेतली. राजकारणात यायच्या आधीची ही त्यांची पहिली राजकीय कृती म्हणता येईल. जमीनदारी, समाजवाद, खासगी उद्योग हे सगळे नंतर आले. सुरुवात झाली ती भिंतीवरून.

गंमत अशी की त्याआधी खुद्द सुखाडियांनी त्यांना काँग्रेसची उमेदवारी देऊ केली होती. त्यांनी ती नाकारली. पुढे १९५९ मध्ये राजाजी, मिनू मसानी, प्रा. रंगा यांनी स्वतंत्र पक्ष काढला. लायसन्स-परमिटच्या राज्याला विरोध आणि सहकारी शेतीला विरोध हे त्याचे मुद्दे. मुंबईच्या उद्योगपतींना तो आपला वाटला आणि राजस्थानच्या ठाकुरांनाही, दोघांची कारणे वेगळी असली तरी. १९६१ मध्ये गायत्रीदेवी पक्षात आल्या.

आता एक गोष्ट जी या निवडणुकीच्या वर्णनांतून निसटते. जयपूरच्या मतदाराला ती १,९२,९०९ मते देण्यासाठी मतदान नव्याने शिकावे लागले होते.

१९५२ आणि १९५७ मध्ये मतदान केंद्रात प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असे आणि पेटीवर त्याचे चिन्ह चिकटवलेले असे. मतदाराने चिठ्ठी आपल्या चिन्हाच्या पेटीत टाकायची, की झाले. लिहिणे नाही, खूण करणे नाही. १९६२ ला जवळपास सगळ्या देशात ही पद्धत बदलली. सगळी नावे आणि चिन्हे एकाच मतपत्रिकेवर आली आणि मतदाराच्या हातात रबरी शिक्का आला. तोही एका कागदावर नव्हे, दोन कागदांवर उठवायचा. एक लोकसभेचा, एक विधानसभेचा. बैलजोडी, तारा, दिवा, झोपडी अशी चित्रांची रांगच. घुंघटातल्या बायका, त्यातल्या बहुतेकींनी कधी कागद हातात धरलेला नाही, त्यांना हे शिकवायचे होते. गायत्रीदेवींनी बायकांच्या वेगळ्या बैठका घेतल्या, खेड्यांत जीपने हिंडल्या, नमुन्याच्या मतपत्रिका दाखवून तारा कोणता ते ओळखायला लावले. आत्मचरित्रात त्यांनी या शिकवणीचे किस्से मजेने सांगितले आहेत. स्वतंत्र पक्षाचे चिन्ह तारा होते, आणि तारा ओळखणे बैलजोडी ओळखण्याइतके सोपे नव्हते. बैल तर प्रत्येकाच्या दारात होते.

म्हणून भाबडी प्रजा महाराणीला पाहून गहिवरली आणि मते पडली, हे सांगणे सोपे असले तरी पुरेसे नाही. गहिवरून शिक्का बरोबर जागी उमटत नाही. त्यामागे महिनोन्‌महिने चाललेले संघटनेचे काम होते, जुन्या ठाकुरांची गावोगावची माणसे होती आणि पैसाही होता.

राजनिष्ठेच्या गोष्टीतले आणखी एक भोक त्याच महिन्यात दिसते. परकोटाच्या आतला किशनपोल हा विधानसभेचा मतदारसंघ. तिथून १९६२ मध्ये निवडून आले जनसंघाचे भैरोसिंग शेखावत. म्हणजे त्या गल्ल्यांमधून तारा लोकसभेला गेला आणि दिवा विधानसभेला. दोन कागद, दोन वेगळे हिशेब. आणि जरा मागे पाहिले तर १९५७ मध्येही जयपूरची लोकसभेची जागा काँग्रेसला मिळाली नव्हती. तेव्हा तिथून एक अपक्ष निवडून गेला होता. महाराणी यायच्या आधीच जयपूरने काँग्रेसला रामराम ठोकलेला होता. त्यांनी विरोधाला चेहरा दिला, आणि चेहरा इतका देखणा होता की मागचा विरोध कोणाला दिसलाच नाही.

१९६७ मध्ये हे उलट बाजूने सिद्ध झाले. काँग्रेस फुटली होती. जाट नेते कुंभाराम आर्य बाहेर पडले होते. स्वतंत्र आणि जनसंघ यांनी जागा वाटून घेतल्या. निवडून आले तर मुख्यमंत्री कोण, याची उत्तरे लोक आपापल्या परीने देत होते, आणि त्यातले एक उत्तर गायत्रीदेवी हे होते. त्या लोकसभेसाठी जयपुरातून उभ्या राहिल्या आणि विधानसभेसाठी टोंक जिल्ह्यातल्या मालपुऱ्यातून. मालपुरा हा जुन्या जयपूर संस्थानातलाच मुलूख. १९६२ मध्ये तिथून त्यांचे सावत्र चिरंजीव जयसिंग निवडून आले होते. म्हणजे घरचीच जागा. तिथे काँग्रेसच्या दामोदरलाल व्यासांनी त्यांना पाडले. जयपूरची लोकसभा त्यांनी राखली, पण मताधिक्य घटले. एकाच निवडणुकीत त्याच महाराणीला एका ठिकाणी मत आणि दुसरीकडे नकार. राजनिष्ठा असती तर ती मालपुऱ्याच्या वेशीवर थांबली नसती.

निकाल त्रिशंकू लागला. १८४ पैकी काँग्रेस ८९, स्वतंत्र ४८, जनसंघ २२, संयुक्त समाजवादी ८, कम्युनिस्ट १, अपक्ष १६. काँग्रेसविरोधी सगळे एकत्र धरले तर ९५. डुंगरपूरचे महारावळ लक्ष्मणसिंग यांना नेता निवडून विरोधकांनी सरकारवर दावा केला. फुटाफूट होऊ नये म्हणून आमदारांना शहराबाहेरच्या कानोत्याच्या गढीत नेऊन ठेवण्यात आले. २०१९ च्या नोव्हेंबरमध्ये महाराष्ट्रातले काँग्रेसचे आमदार जयपूरच्या रिसॉर्टवर नेऊन ठेवले, तेव्हा आपल्याकडे ती मोठी नवलाईची बातमी झाली. जयपूरला त्या धंद्याचा अनुभव अर्धशतकाचा आहे.

राज्यपाल होते डॉ. संपूर्णानंद, उत्तर प्रदेशचे माजी काँग्रेस मुख्यमंत्री. अपक्षांना हिशेबात धरायचे नाही असे त्यांनी ठरवले आणि सर्वांत मोठा पक्ष म्हणून सुखाडियांना सरकार बनवायला बोलावले. शहर पेटले. जमावबंदी, मिरवणुका, अश्रुधूर, लाठ्या. ७ मार्चला पोलिसांनी गोळीबार केला आणि माणसे मेली. संचारबंदीत जोहरी बाजाराची दुकाने बंद पडून राहिली. विरोधकांनी आपले आमदार दिल्लीला नेऊन राष्ट्रपती राधाकृष्णन यांच्यापुढे मोजून दाखवले. केंद्रात गृहमंत्री होते यशवंतराव चव्हाण. पाच वर्षांपूर्वी स्वतःच्या राज्यात २१५ जागा जिंकणाऱ्या चव्हाणांना आता दुसऱ्या एका राज्यातली चार-पाच आमदारांची मोजणी निस्तरायची होती. १३ मार्चला राजस्थानात पहिल्यांदा राष्ट्रपती राजवट आली. विधानसभा बरखास्त केली नाही, नुसती निलंबित ठेवली. आणि खरी गोम तिथेच होती. बरखास्त केली असती तर मतदारांकडे जावे लागले असते. निलंबित ठेवली म्हणजे आमदारांकडे जायला वेळ मिळाला. सहा आठवड्यांत विरोधकांतले काही जण काँग्रेसकडे आले, आणि २६ एप्रिलला सुखाडिया पुन्हा मुख्यमंत्री झाले.

पक्षांतराला आळा कसा घालायचा यावर पुढे केंद्राने समिती नेमली, तिचे अध्यक्षही चव्हाणच. समितीने अहवाल दिला. कायदा यायला मात्र १९८५ साल उजाडले.

माझ्या मते जयपूरच्या राजकारणातला खरा वळणबिंदू १९६२ चा विक्रम नसून १९६७ चा मार्च आहे. त्या गोळीबाराने परकोटातल्या व्यापारी वस्तीत काँग्रेसविषयी जी अढी बसली ती महाराणींपेक्षा जास्त काळ टिकली. शिवाय रस्त्यावर उतरलेल्या गर्दीतले कार्यकर्ते जनसंघाचे होते. स्वतंत्र पक्षाकडे गढ्या होत्या, शाखा नव्हत्या. उरलेल्या पक्षाच्या वाट्याला ती गर्दी आली.

पुढचे झपाट्याने सांगता येईल. २४ जून १९७० ला इंग्लंडमध्ये पोलो खेळताना मानसिंग गेले. १९७१ च्या इंदिरा लाटेत गायत्रीदेवी तिसऱ्यांदा निवडून आल्या, मताधिक्य आणखी आटलेले. वर्षअखेर तनखे रद्द झाले. राजाजी १९७२ च्या नाताळात वारले आणि स्वतंत्र पक्ष १९७४ मध्ये चरणसिंगांच्या पक्षात विरघळला. आणीबाणीत परकीय चलनाच्या प्रकरणावरून गायत्रीदेवींना तिहार तुरुंगात टाकले. त्याच तुरुंगात ग्वाल्हेरच्या विजयाराजे शिंदेही होत्या. इंदिराराजांनी ज्यांच्याशी ठरलेले लग्न मोडले त्या माधवरावांची सून आणि इंदिराराजांची मुलगी, या दोघी एकाच तुरुंगात. सरकारने जयगड किल्ला खणून महिनोन्‌महिने खजिना शोधला आणि हाती काही लागले नाही.

१९७७ ला त्या उभ्या राहिल्या नाहीत, तरी जागा काँग्रेसला गेली नाही. जनता पक्षाचे सतीशचंद्र अग्रवाल आले, आणि १९८० मध्ये इंदिरा गांधी परतल्या तेव्हाही तेच. १९८४ च्या सहानुभूतीत नवलकिशोर शर्मांनी जागा काँग्रेसकडे आणली. मग आली १९८९ ची लढत. काँग्रेसचा उमेदवार होता खुद्द महाराज भवानीसिंग. गायत्रीदेवींचे सावत्र पुत्र, १९७१ च्या युद्धात पाकिस्तानात घुसून महावीरचक्र मिळवलेला सेनाधिकारी. म्हणजे राजाही होता आणि वीरही. समोर भाजपचे गिरधारीलाल भार्गव, परकोटातले साधे माणूस, लग्नाला आणि त्याहून जास्त मयताला हजर राहणारे. भार्गव मोठ्या फरकाने जिंकले आणि मग सलग सहा वेळा खासदार राहिले. सत्तावीस वर्षांपूर्वी राजघराण्यावर मते उधळणाऱ्या शहराने त्याच घराण्यातल्या माणसाला घरी बसवले, कारण या वेळी तो काँग्रेसच्या बाजूने आला होता.

आजपर्यंत जयपूर लोकसभा काँग्रेसने तीनदाच जिंकली आहे. १९५२, १९८४ आणि २००९. या तिसऱ्या वर्षाची एक शेपूट सांगण्यासारखी आहे. त्याच वर्षाच्या अखेरीस महापौराची थेट निवडणूक झाली. जयपूरला महानगरपालिका १९९४ मध्ये आली, पहिले महापौर भाजपचे मोहनलाल गुप्ता, आणि त्यानंतर पालिका भाजपचीच समजली जायची. २००९ मध्ये मतदाराला पुन्हा दोन मते मिळाली, एक महापौरासाठी आणि एक वॉर्डातल्या नगरसेवकासाठी. महापौर निवडून आल्या काँग्रेसच्या ज्योती खंडेलवाल आणि सभागृहात बहुमत आले भाजपचे. पाच वर्षे समित्यांवरून, ठरावांवरून ओढाताण चालली. पुढच्या वेळी राज्यकर्त्यांनी थेट निवडणुकीची पद्धतच बासनात गुंडाळली. दोन मते दोन दिशांना टाकणारा मतदार कोणत्याच पक्षाला परवडत नाही.

२०२३ मध्ये भवानीसिंगांच्या कन्या दियाकुमारी विधानसभेला जयपुरातून उभ्या राहिल्या, भाजपच्या उमेदवार म्हणून. मतदारसंघ विद्याधरनगर. जयपूरची आखणी करणाऱ्या विद्याधर भट्टाचार्य यांच्या नावाचा. ती जागा पक्षाने ज्यांच्याकडून काढून घेतली ते नरपतसिंग राजवी भैरोसिंग शेखावतांचे जावई. शेखावतांनी ज्या शहरात महाराणीच्या लाटेतही आपला दिवा तेवत ठेवला, तिथे त्यांच्या घरची जागा महाराणीच्या नातीला गेली. राजवींनी जाहीर चडफडाट केला, मग त्यांना चित्तोडगडला पाठवले आणि ते तिथे पडले. दियाकुमारी ७१ हजारांहून अधिक मताधिक्याने आल्या आणि उपमुख्यमंत्री झाल्या. वर्तमानपत्रांनी पुन्हा राजघराण्याच्या जादूबद्दल लिहिले. त्या जागेवरून २००८, २०१३ आणि २०१८ असे लागोपाठ तीन वेळा राजवीच निवडून आले होते, हे फार थोड्या ठिकाणी छापून आले.